गौरीशंकरच्या ताटातलं वरण

३ नोव्हेंबर, सोमवार

घरातल्या मांजराला ठाऊक होतं, मला न्हाय. सतरा दिवस लेकानं आन् सुनेनं मला मूळव्याध म्हणून सांगितलं. मी येड्यासारखी त्याला इसबगोल पाजत बसले, सुरण उकडून घातला. आन् आज शेजारची सिताबाई माझ्याच उंबऱ्यावर बसून, माझ्याच कपातला चहा पीत सांगते, की तुझ्या गौरीशंकरला आतड्याचा कॅन्सर हाय. सगळ्या मुरुम गावच्या बाजाराला ठावं म्हणे. वर मलाच विचारती, "तुला कसं न्हाय सांगितलं गं सिद्धम्मा?" जशी मीच कुठं गावाला गेले होते.

शरणार्थ. आमच्या लिंगायतांत हे आधी लिहायचं असतं, राहून गेलं. मी चौथी शिकलेली बाई. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी सापडली. आज तोंडानं बोलायला गेले तर घरात भांडण होईल, म्हणून हातानं बोलते.

तशीच आमच्या डाळ मिलवर गेले. तुरीचा भुसा उडत होता, गौरीशंकर पोत्याला टेकून उभा. मशीन बंद करायला लावली.

"कॅन्सर हाय का तुला?"

"हाय, अव्वा."

"कुठं?"

"आतड्यात. पार खाली, शेवटाला."

"मरणार का?"

"डॉक्टर न्हाय म्हणतात. आधी पाच दिवस मशीनचा शेक, मग केमो, मग ऑपरेशन."

"मग मूळव्याध कोण म्हणालं?"

"तूच की. ह्या दसऱ्याच्या आधल्या दसऱ्याला."

खरंय. पहिल्यांदा रक्त पडलं तवा तो मलाच सांगत आला होता. तिखट कमी खा म्हणून मीच सांगितलं होतं. वर्ष होऊन गेलं. हे मी विसरले होते. कसं काय विसरले?

६ नोव्हेंबर, गुरुवार

सोलापूरच्या दवाखान्यात मीबी गेले. न्हाय म्हणायची कुणाची हिंमत झाली न्हाय. मोठे डॉक्टर म्हणाले, गाठ निघण्यासारखी हाय. पण माणूस ऑपरेशनला टिकला पाहिजे. वजन एकसष्ट किलो हाय, त्याच्याखाली जाऊ द्यायचं न्हाय.

मग खाण्याचं सांगणाऱ्या मैथिली म्याडमकडं पाठवलं. माझ्या नातीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असंल. म्हणते, "आजी, रोज दोन अंडी द्या यांना."

मी म्हणलं, "बाई, गळ्यात लिंग हाय. आमच्यात अंड्याचं नाव निघालं तर चूल धुतात."

"मग वरण दोन्ही वेळा, दही, ताक, शेंगदाणे, सोयाबीन. जास्तीत जास्त प्रोटीन पोटात जाऊ दे." आन् एक वही दिली. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी घरं पाडलेली. काय खाल्लं, किती वाट्या, रोज लिहून आणायचं. आमची सून महेश्वरी आता दिवसभर मिल बघणार, तवा रांधणं माझं आन् वही पण माझ्याच गळ्यात.

गौरीशंकर गाडीत म्हणाला, "डाळीच्या मिलवाल्याला डाळ खा म्हणून सांगायला सोलापूरला जावं लागलं."

मला हसू आलं न्हाय.

९ नोव्हेंबर, रविवार

शिवप्रिया लातूरहून आली. माझी नात, औषधाच्या कॉलेजात शिकते. बापाच्या गळ्यात पडून रडली, मग मोबाईल घेऊन बसली. माझ्यासारखंच हाय तिचं, रडण्यात लई वेळ घालवत न्हाय.

मी भाजी निवडत होते. विचारलं, ही गाठ खाती तरी काय? ती म्हणाली, "आज्जी, डाळीत प्रोटीन असतं ना, ती एक माळ असते. माळेचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. वीस जातीचे मणी. आपलं अंग माळ तोडतं, मणी वापरतं. गाठपण तेच मणी वापरते, आणि भसाभस."

"म्हंजी वरण आपण घालायचं आन् खायचं गाठीनं?"

"तसं थोडंफार. इथं लिहिलंय बघ, आतड्यात गाठी असलेल्या उंदरांच्या खाण्यातून दोनच जातीचे मणी काढून टाकले. सेरीन आणि ग्लायसीन. तर गाठी हळू वाढल्या आणि उंदीर जास्त दिवस जगले. पण आज्जी, हे..."

कुकरची शिट्टी झाली, मी उठले. पुढं ती काय काय सांगत होती आतनं. मला पाहिजे तेवढं कळलं होतं.

एवढे शिकलेले डॉक्टर, आन् गाठीलाच जेवू घाला म्हणतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस विचार केला. तापात तूप बंद करतात, खोकल्यात ताक बंद करतात. कुठला रोग पथ्याशिवाय गेलाय? आन् ह्या रोगाला म्हणे पथ्य न्हाय, उलट दुप्पट खा. मला पटत न्हाय.

आजपासून गौरीशंकरच्या ताटात वरण न्हाय. दही न्हाय, ताक न्हाय, दूध न्हाय. शेंगाची चटणी पण उचलली. भाकरी, भात, पालेभाजी, चिंचेचं सार, गूळ. साबुदाण्याची खिचडी केली ती पण दाण्याच्या कुटाबिगर.

त्यानं ताट बघितलं, मग मला बघितलं.

"वरण?"

"पथ्य हाय."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतेय, पुरे न्हाय का?"

खाल्लं गपगुमान.

दवाखान्याच्या वहीत काय लिहावं हा घोर पडला. खरं लिहावं तर ती मैथिली म्याडम चारचौघांत ओरडंल, आन् मला तिला उंदराचं समजवायला यायचं न्हाय. लिहिलं, वरण दोन वाट्या, दही एक वाटी, शेंगदाणे मूठभर. तिचं समाधान तिच्या वहीत, माझं पथ्य माझ्या चुलीवर.

महेश्वरी तीन वाजता मिलवरनं येऊन एकटीच जेवती, रात्री पण गौरीशंकरला मी तिच्या आधीच वाढते. तिनं वही चाळली आन् म्हणाली, "आत्याबाई, लई नीट सांभाळताय." मी पातेलं घासायला घेतलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शेक झाला पाच दिवस. दवाखान्याजवळच्या खोलीत राहिलो, तिथं पण स्टोव्हवर मीच रांधलं. शेजारच्या खोलीतल्या सखूबाईनं, तिचा नवरा पण तसल्याच दुखण्यात, गौरीशंकरला वाटीभर मटकीची उसळ आणून दिली. मी दारातनंच परत दिली. बाई माझ्याकडं अशी बघाय लागली जसं मी कुणाचं तरी काही लुटलंय.

त्याला संडासला जळजळ होती. भूक मात्र लागती म्हणतो. भूक कुणाला हाय ते मला ठाऊक हाय. त्याला न्हाय, त्या गाठीला.

१ डिसेंबर, सोमवार

पहिला केमो. वजन सत्तावन्न. डॉक्टरनं कपाळाला आठी घातली. म्हणाले, रक्तातलं प्रोटीन थोडं उतरलंय, खाणं वाढवा. मैथिली म्याडमनं वही बघितली आन् म्हणाली, "वहीत तर छान आहे, आजी. असंच चालू ठेवा."

छान आहे म्हणाली. मला बरं वाटायला पाहिजे होतं. का वाटलं न्हाय, ते कळत न्हाय.

९ डिसेंबर, मंगळवार

आज चांगली गोष्ट लिहायची हाय. इतके दिवस पायाच्या काड्या झाल्या होत्या, आज बघते तर घोटे भरलेत. तोंड पण सकाळी गोल दिसतं. चप्पल घट्ट होती म्हणतो. अंग धरायला लागलं. गाठ उपाशी पडली की माणसाच्या अंगाला लागणारच. मी शिवप्रियाला फोनवर सांगितलं, तुझ्या बापाचे पाय भरले. ती म्हणाली, "भरले म्हणजे सुजलेत का, आज्जी?" मी म्हणलं, तू परीक्षेचं बघ.

थकवा लई हाय त्याला. जिना चढला तर धाप लागती. केमोचा असंल.

१९ डिसेंबर, शुक्रवार, येळवस

हे लिहू का नको असं झालंय. लिहिते.

येळवसला, ह्या अमावस्येच्या सणाला, शेतात जायचं चुकवलं तर माणूस मेला का काय म्हणून विचारत येतात. मी पहाटेच उठून भज्जी शिजवली, तुरीचे हिरवे दाणे, वाल, वाटाणा, शेंगदाणे, बेसन लावून. बाजरीचे उंडे केले, मडकंभर अंबील. सगळा पसारा कडब्याच्या खोपीजवळ मांडला, पूजा झाली. भाऊबंद, शेजारपाजार मिळून पंधरा माणसं पंगतीला.

गौरीशंकरला उंडा दिला, गूळ दिला. भज्जी न्हाय, ताकाची अंबील न्हाय. आमचा चुलत दीर शिवलिंगप्पा म्हणाला, "अगं वहिनी, येळवसला भज्जी न्हाय खाल्ली तर खायचं तरी काय बाप्यानं?" मी म्हणलं, "तुमी तुमची खावा, पातेलं मोठं हाय."

पंगत उठली. भज्जीचं पातेलं झाकायला गेले तर पळी न्हाय. गौरीशंकर पण दिसंना. खोपीच्या मागं गेले.

कडब्याकडं तोंड करून बसला होता. पळीतनं भज्जी खात होता. घाईघाईनं, न चावता. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, मिलवर बारा माणसं ज्याला मालक म्हणतात. हनुवटीवर बेसन. माझी चाहूल लागली तशी पळी पाठीमागं धरली.

मी त्याच्या हातातनं पळी ओढून घेतली.

तो नुसतं म्हणाला, "अव्वा, लई भूक लागती गं."

मागं वळले तर महेश्वरी उभी. तिनं पळी बघितली, त्याला बघितलं, मला बघितलं. मग पातेली उचलून गाडीकडं गेली.

राग आला म्हणून पळी ओढली असं मी मघाशी स्वतःला सांगितलं.

२२ डिसेंबर, सोमवार

काय लिहू.

दुसऱ्या केमोला गेलो. केमो दिला न्हाय. वजन बावन्न.

डॉक्टरनं त्याला खाटेवर झोपवलं आन् घोट्यावर अंगठा दाबला. उचलला तर तिथं खड्डा. खड्डा तसाच राह्यला, कणकेत बोट दाबल्यावर राहतो तसा. मी म्हणलं, "पाय भरलेत त्याचे."

"पाय भरले नाहीत आजी, पाणी साचलंय. रक्तात प्रोटीन उरलं नाही की पाणी असं बाहेर उतरतं. साडेतीन तरी पाहिजे, यांचं दोन पूर्णांक एक आहे."

तेरा दिवस मी त्या पाण्याला बाळसं समजत होते.

मग डॉक्टरनं दवाखान्याची वही उघडली. एक-एक पान उलटत म्हणाले, "रोज दोन वाट्या वरण, दही, शेंगदाणे. एवढं खाऊन असं होत असेल तर दोनच अर्थ. एक तर गाठ यकृतात गेली असणार. तसं असेल तर हे ऑपरेशन आपण करणार नाही." मग गौरीशंकरला विचारलं, "खरंच एवढं खाता?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "खातो," म्हणाला.

खातो म्हणाला! परवा कडब्यामागं लपून खाणारा माणूस.

"दुसरा अर्थ काय?" मी विचारलं.

"वही खोटी आहे. माणूस उपाशी आहे. तसं असेल तर उलट बरं. पंधरा-वीस दिवस नीट खायला घालू, अंग सावरलं की पुढचं सगळं ठरल्याप्रमाणं. वही कोण लिहितं?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. ही जीभ, जिनं आख्ख्या बाजाराला गप्प केलंय.

महेश्वरी म्हणाली, "मी लिहिते, सर. थोडं इकडंतिकडं झालं असंल."

"इकडंतिकडं? बाई, नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तुम्ही अंदाजे लिहिता?" लई बोलले तिला. मैथिली म्याडम, दोन नर्सा, बाहेरच्या बाकावरची माणसं, सगळ्यांनी ऐकलं. ती खाली मान घालून उभी. मी तिथंच, हातभर अंतरावर, आन् मी गप्प.

निघताना मला राहवलं न्हाय. डॉक्टरला विचारलं, "ते उंदरांचं खरं हाय का? खाण्यातल्या प्रोटीनच्या माळेतले दोन मणी काढले तर गाठ उपाशी राहती?"

ते थांबले. हसले न्हाईत, एवढं बरं केलं. "कुणी सांगितलं? प्रयोग खरा आहे, आजी. पण त्या उंदराला बाकीचे अठरा मणी मोजून, भरपूर दिले होते. आणि तो उंदीर होता. माणसावर अजून तपासणं चालू आहे, काय निघेल ते कुणाला माहीत नाही. घरात वरण बंद केलं तर दोन मणी जात नाहीत, सगळी माळच जाते. मग अंग स्वतःचं मांस तोडून मणी काढतं. गाठ उपाशी राहत नाही, ती त्यातलं ओरबाडून घेते. उपाशी राहतो तो माणूस."

शुक्रवारी यकृताचा स्कॅन. त्याच दिवशी सगळे डॉक्टर बसून ठरवणार, ऑपरेशन करायचं का न्हाय. तोवर वही बरोबर करून आणा म्हणाले. नुसत्या स्कॅनवर भागत न्हाय, पोटात काय गेलं ते पण खरं कळायला पाहिजे.

येताना गाडीत चिंच चोखल्यासारखी तोंडं करून तिघं बसलो होतो.

२३ डिसेंबर, मंगळवार

वरण केलं. घट्ट, तुपाची फोडणी. त्यानं वाटी तोंडाला लावली आन् पिऊनच टाकली. दुसरी वाढली. तिसरीला मी थांबवलं, पोट सोसणार न्हाय म्हणून. थांबवताना स्वतःचीच शिसारी आली.

विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुझं अक्षर हाय ते, अव्वा. चौथी शिकलेल्या बाईचं इतकं वळणदार अक्षर. त्याला खोटं कसं म्हणू?"

"चेष्टा नको."

मग चेष्टा सोडली त्यानं. "मला वाटलं, तुला कायतरी ठाऊक असंल. डॉक्टरला नसंल असं. लहानपणापास्नं तूच सांगितलंस आन् आमी केलं."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या. ह्याला काय देऊ?

स्वयंपाकघरात महेश्वरीला गाठलं. "तू गं कशाला ओढून घेतलंस अंगावर?"

ती कणीक मळत होती. वर बघितलं न्हाय. "डॉक्टर तुमाला तसं बोलले असते तर तुमी परत सोलापूरची पायरी चढला नसता. आन् तुमी दटावल्याबिगर हे गोळी गिळत न्हाईत. म्हणून."

"मग परवा शेतात बघितलंस तवाच का न्हाय भांडलीस?"

आता बघितलं वर. "भांडायला पाह्यजे होतं, आत्याबाई. बावीस वर्षांत तुमच्याशी भांडायची सवयच लागली न्हाय. ह्यांच्या जिवापेक्षा ती भीती मोठी झाली माझी. मी काय कमी चुकले?"

मला वाटायचं घरात सगळे माझं ऐकतात म्हणून घर चालतं.

शिवप्रियाला फोन केला. ती रडली, म्हणाली मीच ते वाचून दाखवलं. मी म्हणलं, तू पुढचं पण सांगत होतीस, मी ऐकलं न्हाय. तुझा काही संबंध न्हाय. अभ्यास कर. आन् सिताबाईचा फोन आला तर उचलू नको.

२५ डिसेंबर, गुरुवार

काल आन् आज मिळून दवाखान्याची वही नीट केली. अकरा नोव्हेंबरपासून एकवीस डिसेंबरपर्यंत, एक्केचाळीस पानं. एकेका घरातलं वरण खोडलं, दही खोडलं, शेंगदाणे खोडले. बाजूला खरं लिहिलं. भाकरी दीड. भात एक वाटी. सार. सार. सार. मटकीची उसळ आली होती, परत दिली, ते पण लिहिलं. एकोणीस तारखेच्या घरात लिहिलं, भज्जी, एक पळी, अर्धीच. उरलेली मी हिसकावली.

पुसून नवीन लिहिता आलं असतं. महेश्वरी म्हणाली पण, दुसरी वही आणते. मी न्हाय म्हणलं. खोडलेलं दिसलं पाहिजे. किती खोटं होतं ते डॉक्टरला मोजता आलं पाहिजे, त्याच्यावर त्यांचं ठरायचं हाय.

खाली सही केली. सिद्धम्मा शरणबसप्पा. आडनाव लिहायला जागा उरली न्हाय.

यकृतात काय निघंल मला ठाऊक न्हाय. गौरीशंकर उपाशी होता म्हणून हे झालं असंल तर दोष माझा आन् तो वाचंल. उपाशी नसता तरी झालंच असतं असं निघालं तर मी सुटले आन् तो गेला. उद्या काय निघावं म्हणून मी लिंगापुढं बसून मागितलंय, ते इथं लिहायची गरज न्हाय.

आज तीन वेळा वरण, दोन वेळा दही. घोट्यावरचा खड्डा तसाच हाय. दोन दिवसात जायचा न्हाय म्हणे.

सकाळी सातच्या गाडीनं निघायचं. दवाखान्याची वही माझ्या पिशवीत, दुसऱ्या कुणी उचलायची न्हाय. डॉक्टर विचारतील, एवढं खाता का. गौरीशंकरनं तोंड उघडायचं न्हाय. डॉक्टर विचारतील, वही कुणी लिहिली. महेश्वरीनं माझ्या मागं उभं राहायचं, पुढं यायचं न्हाय. चारचौघं ऐकतील तर ऐकू देत. त्या वहीतल्या प्रत्येक घराचं उत्तर सिद्धम्मा देणार, दुसरं कुणी न्हाय.